मधुमेह आणि मधल्या वेळचे खाणे

मधुमेह हा शहरात बसून काम करणाऱ्यांचा रोग आहे, शेतात राबणाऱ्यास तो होत नाही, अशी समजूत खेड्यापाड्यांतून अद्याप आढळते. ही समजूत आता टाकून दिली पाहिजे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यांनुसार ग्रामीण भागातील वीस वर्षांवरील दर शंभर माणसांत सुमारे नऊ जणांना मधुमेह आहे. अंगमेहनत कमी झाली, यंत्रे आली आणि त्याचबरोबर घरोघरी बिस्किटे, पाव, फरसाण व गोड चहा यांचाही शिरकाव झाला. दोन जेवणांच्या मध्ये आपण काय खातो याकडे सहसा कोणी लक्ष देत नाही. म्हणून या पाठात त्या खाण्याचाच विचार केला आहे.

पिष्टमय पदार्थ आणि रक्तातील साखर

भात, भाकरी, पोळी, पोहे, बटाटा इत्यादींतील पिष्ट पचनानंतर साखरेच्या रूपाने रक्तात उतरते. ही साखर शरीराच्या पेशींत पोचविण्याचे काम स्वादुपिंडातून स्रवणारे इन्सुलिन करते. मधुमेहात इन्सुलिन अपुरे पडते किंवा त्याचा परिणाम नीट होत नाही. त्यामुळे साखर रक्तातच साचून राहते. ती वर्षानुवर्षे वाढलेली राहिल्यास डोळे, मूत्रपिंडे, हृदय व पायांच्या नसा यांना इजा पोचते. अनवाणी चालणाऱ्या शेतकऱ्यास पायाला काटा लागल्याचे कळत नाही, जखम चिघळते आणि प्रसंगी पाय गमवावा लागतो.

प्रथिने, स्निग्ध पदार्थ व चोथा यांच्यामुळे मात्र रक्तातील साखर एकदम चढत नाही आणि पोटही अधिक वेळ भरलेले राहते. यास्तव मधल्या वेळी पिष्ट कमी आणि प्रथिने अधिक असलेले पदार्थ निवडावेत, हा मुख्य नियम होय.

कोणत्या पदार्थात किती?

पुढे दर १०० ग्रॅम पदार्थातील पिष्ट व साखर मिळून होणारे प्रमाण प्रथम आणि प्रथिनांचे प्रमाण नंतर दिले आहे. आकडे स्थूलमानाचे असून ग्रॅममध्ये आहेत.

गूळ : ९५, नगण्य
साबुदाणा : ८७, नगण्य
पोहे : ७७, ७
चुरमुरे : ७४, ७
ज्वारी : ७३, १०
नाचणी : ७२, ७
बाजरी : ६८, १२
फुटाणे : ५८, २२
शेंगदाणे : २६, २५
तीळ : २५, १८
केळे : २७, १
पेरू : ११, १
मुळा : ३ ; १
काकडी : ३, नगण्य
पनीर : १, १८
अंडे : नगण्य ; १३
ताक : १ हून कमी, १

या आकड्यांवरून तीन गोष्टी ध्यानात येतात. पहिली, साखरेऐवजी गूळ घेतल्याने मधुमेही माणसाचा काहीही लाभ होत नाही. दोन्हींत फरक नाममात्र आहे. दुसरी, ज्वारी, बाजरी व नाचणी ही धान्ये चोथ्यामुळे मैद्यापेक्षा निश्चितच बरी. परंतु ती पिष्टमयच आहेत. नाचणीचे आहे म्हणून कितीही खावे, असे म्हणता येणार नाही. हुरड्यासही हाच न्याय लागू आहे. तिसरी, चुरमुरे हलके दिसतात, परंतु वजनास वजन धरले तर ते पोह्यांच्याच जातीचे आहेत.

काय खावे व किती?

मधल्या वेळचे खाणे प्रत्येकास आवश्यक आहे असे नाही. ज्यास भूक लागत नाही व ज्यास डॉक्टरांनी तसे सांगितलेले नाही, त्याने केवळ सवयीने खाऊ नये. खावयाचे झाल्यास पुढील पदार्थ निवडावेत.

१. भाजलेले शेंगदाणे, एक लहान मूठ, म्हणजे सुमारे ३० ग्रॅम. यात पिष्ट ८ ग्रॅमच्या आसपास येते. शेंगदाण्यात तेल भरपूर असल्याने मूठ दुसऱ्यांदा भरू नये.
२. फुटाणे, तेवढीच मूठ. यात पिष्ट सुमारे १७ ग्रॅम असते. परंतु हरभऱ्यातील पिष्ट सावकाश पचते. फुटाण्यांबरोबर गूळ खाण्याची रीत मात्र सोडावी.
३. मोड आलेल्या मटकीची किंवा मुगाची उसळ, एक लहान वाटी, पावाशिवाय.
४. काकडी, मुळा, टोमॅटो, कोबी. सोबत जवसाची, तिळाची किंवा कारळ्याची चटणी. चटणीत मीठ बेताचे असावे.
५. साखर न घातलेले ताक, एक पेला.
६. उकडलेले एक अंडे किंवा पनीरचे दोन-तीन तुकडे.
७. फळ खावयाचे तर एक मध्यम पेरू किंवा मूठभर जांभळे. फळाचा रस काढून पिऊ नये. उसाचा रस तर पूर्णपणे वर्ज्य समजावा.

चहाचा हिशोब स्वतंत्रपणे करावा. एका कपात दोन चमचे साखर धरली तर चार कपांतून दिवसाकाठी सुमारे ४० ग्रॅम साखर पोटात जाते. कोणताही अन्य बदल करण्यापूर्वी चहातील साखर बंद करावी.

उपवासाच्या दिवशी

एकादशी, चतुर्थी किंवा श्रावणी सोमवारी साबुदाण्याची खिचडी करण्याचा प्रघात आहे. ५० ग्रॅम साबुदाण्यातून सुमारे ४४ ग्रॅम पिष्ट मिळते आणि प्रथिने जवळजवळ मिळतच नाहीत. वरईचे तांदूळ व बटाटा यांचाही ओढा पिष्टाकडेच आहे. ज्यांना उपवास मोडणे रुचत नाही त्यांनी ताक, मूठभर शेंगदाणे, काकडीची दाण्याचे कूट घातलेली कोशिंबीर व लाल भोपळ्याची भाजी यांवर भर द्यावा. गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी मात्र डॉक्टरांना विचारल्यावाचून उपवास धरू नये.

अत्यंत महत्त्वाची सूचना

इन्सुलिन किंवा साखर उतरविणाऱ्या काही विशिष्ट गोळ्या घेणाऱ्या माणसाने आपल्या मनाने पिष्ट एकदम कमी केले आणि भर उन्हात नांगरणी, खुरपणी किंवा ऊसतोडणी केली, तर रक्तातील साखर धोकादायकरीत्या खाली जाऊ शकते. घाम फुटणे, हातपाय थरथरणे, छाती धडधडणे, एकाएकी भूक लागणे, बोलणे असंबद्ध होणे ही तिची लक्षणे होत. पाहणाऱ्यास माणूस ऊन लागून किंवा मद्य घेऊन तसा झाला आहे असे वाटते आणि मोलाचा वेळ वाया जातो.

अशा वेळी शेंगदाणे अथवा फुटाणे उपयोगी पडत नाहीत, कारण ते सावकाश पचतात. तीन चमचे साखर पाण्यात ढवळून ताबडतोब पाजावी. साखर नसल्यास गूळ द्यावा. पंधरा मिनिटांत बरे न वाटल्यास तेवढीच मात्रा पुन्हा द्यावी. बरे वाटताच थोडी भाकरी किंवा अन्य जेवण द्यावे. माणूस बेशुद्ध असल्यास तोंडात काहीही न घालता त्यास कुशीवर वळवावे व विनाविलंब दवाखान्यात न्यावे. सारांश, अशी औषधे घेणाऱ्याने शिदोरीत भाजलेले दाणे अवश्य बांधावेत. परंतु साखरेची पुडी खिशात ठेवावी.

मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी डाळी, दाणे व पनीर यांचे प्रमाण डॉक्टरांच्या सल्ल्याने ठरवावे.

घरचे ते घरी ठेवावे

वर सांगितलेले बहुतेक पदार्थ आपल्याच शेतात पिकतात. परंतु हरभरा व भुईमूग खळ्यावरूनच बाजारात जातात आणि त्याच पैशांतून बिस्किटांचे पुडे घरी येतात. हा व्यवहार आरोग्याच्या व पैशाच्या दोन्ही दृष्टींनी तोट्याचा आहे. वर्षाच्या गरजेपुरता हरभरा, मटकी, भुईमूग, तीळ व जवस राखून मगच उरलेला माल विकावा. परसात सांडपाण्यावर काकडी, मुळा व दोडका घ्यावा.

भुईमुगाच्या शेंगा उन्हात चांगल्या वाळवून, ओलावा ८ टक्क्यांहून अधिक राहणार नाही अशी खात्री करून साठवाव्यात. बुरशी लागलेल्या दाण्यांत अफ्लाटॉक्सिन नावाचे यकृतास घातक विष तयार होते व ते भाजल्याने पूर्णपणे नष्ट होत नाही. काळे पडलेले, सुरकुतलेले व कडवट दाणे निवडून टाकावेत. ते जनावरांसही घालू नयेत.

कार्यकर्त्यांसाठी

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी तीस वर्षांवरील स्त्रीपुरुषांना आरोग्य उपकेंद्रात रक्त तपासून घेण्यास सांगावे. उपाशीपोटी साखर १२६ मिलिग्रॅम किंवा अधिक आढळल्यास फेरतपासणी व उपचार यांस विलंब होऊ देऊ नये. बैठकीत साखरेचा चहा व बिस्किटे देण्याऐवजी ताक व फुटाणे द्यावेत. तसेच ही माहिती घरातील स्त्रियांपर्यंत अवश्य पोचवावी, कारण शिदोरी त्याच बांधतात. आणि त्यांच्या स्वतःच्या तपासणीकडेही दुर्लक्ष होऊ देऊ नये.