आधी काडतूस, मग कार्बाइन



जबलपूरच्या गन कॅरेज फॅक्टरीत तयार होणाऱ्या ‘धनुष’ तोफेचे वर्णन ‘१५५ मिमी, ४५ कॅलिबर’ असे करतात. वर्गात आपण शिकतो की कॅलिबर म्हणजे नळीचा आतला व्यास. मग एकाच तोफेला दोन आकडे कसे? तोफेचा दुसरा आकडा नळीची लांबी सांगतो. ती व्यासाच्या ४५ पट असते, म्हणजे १५५ × ४५ = ६,९७५ मिमी, जवळजवळ सात मीटर. रायफल आणि कार्बाइनमध्ये मात्र दुसरा आकडा काडतुसाच्या केसची लांबी असतो. ५.५६×४५ म्हणजे नळी ५.५६ मिमीची आणि केस ४५ मिमीची.

आता मूळ प्रश्न. कार्बाइनला कोणते काडतूस द्यावे?

कार्बाइन हे आखूड नळीचे शस्त्र. घरात, गल्लीत, वाहनातून उतरताना लांब रायफल अडते, तिथे ते कामाला येते. आपल्या सेनेत अनेक वर्षे ९ मिमी कार्बाइन होती. तिचे काडतूस पिस्तुलाचे. जवळून ते चालते, पण अंतर वाढले की जोर ओसरतो आणि समोरच्याने बुलेटप्रूफ जाकीट घातले असेल तर गोळी बहुधा तिथेच अडते. म्हणून पर्याय शोधावा लागला. पुढचे आकडे साधारण मानाचे आहेत. नळीची लांबी बदलली की वेगही बदलतो.

९×१९ : गोळी ७.५ ग्रॅम, वेग सेकंदाला ३८० मीटर
५.५६×४५ : गोळी ४ ग्रॅम, वेग ९२० मीटर
७.६२×३९ : गोळी ७.९ ग्रॅम, वेग ७१५ मीटर
७.६२×५१ : गोळी ९.५ ग्रॅम, वेग ८३८ मीटर

ऊर्जा म्हणजे वस्तुमानाचा निम्मा भाग गुणिले वेगाचा वर्ग. गणित केले तर अनुक्रमे सुमारे ५४०, १,७००, २,००० आणि ३,३०० ज्यूल येतात. चार ग्रॅमची गोळी साडेसात ग्रॅमच्या गोळीपेक्षा तिप्पट ऊर्जा नेते, कारण वेगाचा वर्ग होतो. मग सर्वांत मोठे काडतूसच का घेऊ नये? कारण खांद्याला बसणारा धक्का. ७.६२×५१ च्या गोळीचा संवेग ५.५६ च्या दुपटीहून जास्त आहे. हलक्या कार्बाइनमधून झाडल्यावर नेम पुन्हा धरायला वेळ लागतो. शिवाय वजन पाहा: ५.५६ ची १०० काडतुसे साधारण १.२ किलो, ७.६२×५१ ची २.४ किलो. तेवढ्याच ओझ्यात जवान निम्म्याच गोळ्या नेऊ शकतो.

५.५६×४५ मध्येही एक अडचण आहे. त्याची दारू लांब नळीसाठी मोजलेली असते. नळी आखूड केली की सगळी दारू आत जळत नाही. वेग घटतो, तोंडाशी जाळ आणि आवाज वाढतो. बंद खोलीत हे फार त्रासाचे. पुण्याच्या एआरडीई या डीआरडीओच्या प्रयोगशाळेने यावर उत्तर म्हणून ५.५६×३० हे आखूड काडतूस आणि त्यासाठी जेव्हीपीसी कार्बाइन बनवली. तिचे वजन सुमारे ३ किलो, परिणामकारक पल्ला १०० मीटरहून अधिक. डिसेंबर २०२० मध्ये तिच्या सेनेतल्या चाचण्यांचा अखेरचा टप्पा पूर्ण झाला.

तरीही नव्या क्लोज क्वार्टर बॅटल कार्बाइनसाठी सेनेने ५.५६×४५ हेच मागितले. यातला पुरवठ्याचा फायदा उघड आहे. इन्सास रायफल आणि एलएमजी हेच काडतूस खातात. सेनेत एके-२०३ साठी ७.६२×३९ आणि सिग-७१६ साठी ७.६२×५१ आधीच आहेत. आणखी एक काडतूस म्हणजे आणखी एक उत्पादन, आणखी एक साठा, आणि चुकीची पेटी चौकीवर पोहोचण्याचा आणखी एक धोका. वरणगाव आणि खडकीच्या कारखान्यांत काडतूस बनते, तेव्हापासून ते जवानाच्या मॅगझिनमध्ये जाईपर्यंतची साखळी हेही कॅलिबरच्या निवडीचेच अंग आहे. जबलपूरच्या कॉलेज ऑफ मटेरियल्स मॅनेजमेंटमध्ये अधिकारी शिकतात ते हेच पुरवठ्याचे शास्त्र.

हा धडा १९६२ नंतरही गिरवला गेला. जुन्या .३०३ च्या जागी ७.६२×५१ आले. अर्धस्वयंचलित एसएलआर त्याच काडतुसावर बनली आणि इछापूरने जुन्या ली-एनफिल्ड धाटणीची रायफलही त्याच काडतुसासाठी अधिक बळकट पोलादात घडवली. नुसती नळी बदलून भागत नाही. चेंबर, बोल्ट आणि मॅगझिन नव्या काडतुसाच्या मापाचे व दाबाचे लागतात. अर्धस्वयंचलित शस्त्रात तर पुढची गोळीही त्याच काडतुसाच्या जोरावर भरली जाते, म्हणून तो जोर कमी किंवा जास्त झाला की शस्त्र अडते.

रेंजवर जाताना एवढे ध्यानात ठेवा: व्यास सारखा म्हणजे काडतूस सारखे नव्हे. ५.५६×३० आणि ५.५६×४५ एकमेकांच्या जागी चालत नाहीत, ७.६२×३९ आणि ७.६२×५१ सुद्धा नाहीत. पेटीवरचे दोन्ही आकडे वाचल्याशिवाय मॅगझिन भरू नका.

स्वाध्याय : वरच्या चारही गोळ्यांचा संवेग काढा. तीन किलोच्या कार्बाइनसाठी तुम्ही कोणते काडतूस निवडाल, ते कारणांसह दहा ओळींत लिहा. एक कारण पुरवठ्याचे असलेच पाहिजे.