आधी दहा मीटर

पोरी, मोबाइलवर तू रात्री जागून बघतेस, ते कमरेच्या होल्स्टरमधून पिस्तूल काढणं, आडोशाआडून नेम धरणं, धावतपळत पुठ्ठ्याच्या आकृत्यांवर गोळ्या झाडणं, त्याला डिफेन्सिव्ह पिस्तूल म्हणतात. त्याची आयडीपीए ही संघटना 1996 साली अमेरिकेत निघाली. लागलेला वेळ मोजतात आणि नेम चुकला की त्यात सेकंद वाढवतात. खेळ खरंच चांगला आहे. पण तिथे सर्रास चालणारं 9 मिलिमीटरचं पिस्तूल आपल्याकडे साध्या नागरिकाला परवाना काढूनही मिळत नाही. आणि मिळत असतं, तरी तुझ्या या आत्याने तुला आधी वरळीलाच नेलं असतं.

महाराष्ट्र रायफल असोसिएशनची रेंज तिथे आहे. नेमबाज अंजली भागवत कीर्ती कॉलेजात एनसीसीत होत्या, तिथून त्या नेमबाजीकडे वळल्या आणि वरळीतच घडल्या. तुझ्या कॉलेजात एनसीसी असेल तर पहिल्याच आठवड्यात नाव दे.

सुरुवात 10 मीटर एअर पिस्तूलने करायची. 4.5 मिलिमीटरचा छर्रा आणि 20 ज्यूलच्या आतली ताकद, त्यामुळे शस्त्रपरवाना लागत नाही. परवाना लागत नाही म्हणून ते खेळणं होत नाही, हे मात्र पक्कं ध्यानात ठेव. नळीचं तोंड कायम टार्गेटकडे. नेम धरेपर्यंत बोट ट्रिगरच्या बाहेर. रेंज ऑफिसरने सांगितल्याशिवाय छर्रा भरायचा नाही, आणि कुणी टार्गेटकडे गेलं असेल तर पिस्तुलाला हातसुद्धा लावायचा नाही. डिफेन्सिव्हच्या मॅचमध्ये अशी गंभीर चूक झाली तर खेळाडूला थेट बाहेर काढतात. म्हणून ही सवय धावायला लागण्याआधी हाडात भिनायला हवी.

आता नेमाचं. दहाचं वर्तुळ फक्त 11.5 मिलिमीटरचं असतं, आणि नवीन पोरं डोळे फाडून त्याच्याकडेच बघत बसतात. तू पुढची साइट बघ. ती काळीशार, कडा धारदार दिसली पाहिजे. मागचं टार्गेट धूसर दिसलं तरी चालेल. ट्रिगर 500 ग्रॅमचा, म्हणजे हलका. कोळंबी सोलताना मनगट निवांत असतं आणि काम बोटाचं पेर करतं, तसा तो दाबायचा. हिसका दिला की शॉट खाली गेलाच. स्वतःचं पिस्तूल आलं की घरी ते रिकामं ठेवून कोऱ्या भिंतीसमोर ड्राय फायर कर, म्हणजे छर्रा न भरता ट्रिगर दाबायचा सराव. भिंतीवर टार्गेट लावू नकोस, नाहीतर नजर साइटवरून पळते. शॉट सुटल्यावरही हात लगेच खाली आणायचा नाही, साइट कुठे थांबली ते बघायचं. मॅचमध्ये 60 शॉट आणि 75 मिनिटं असतात, घाई कशाला?

हे जमलं की 25 मीटरचं पिस्तूल. तिथे .22 ची खरी गोळी येते, मग परवान्याचे नियम आले, असोसिएशनची कागदपत्रं आली, कानाला संरक्षण आलं. त्यातला रॅपिडचा भाग तुझ्या आवडीच्या सगळ्यात जवळचा. हात 45 अंशांत खाली, टार्गेट 3 सेकंद उघडतं, तेवढ्यात हात उचलून एकच शॉट. मग 7 सेकंद थांबायचं आणि पुन्हा तेच. कोल्हापूरच्या राही सरनोबतने 2018 च्या आशियाई स्पर्धेत याच 25 मीटर पिस्तूलमध्ये शूट-ऑफ जिंकून सुवर्ण घेतलं. नेमबाजीत आशियाई सुवर्ण मिळवणारी ती पहिली भारतीय महिला.

समुद्राकाठच्या दांड्यात राहतेस, म्हणून स्वतःचं पिस्तूल आल्यावरच्या आणखी काही गोष्टी. आपली खारी हवा लोखंड खाते. रेंजवरून आलीस की तेलाचं फडकं फिरव आणि मगच पेटीत ठेव, पेटीला कुलूप घाल. आणि गल्लीतून, लोकलमधून नेताना ती पेटी बंदच राहिली पाहिजे, मैत्रिणींना दाखवायलाही उघडायची नाही. लांबून बघणाऱ्याला ते खरंखुरं पिस्तूल वाटतं. गच्चीवर कावळ्यांवर नेम धरलेला तर मला अजिबात चालणार नाही. छर्रे शिशाचे असतात, म्हणून हात साबणाने धुतल्याशिवाय जेवायला बसू नकोस.

पण इतक्यात पिस्तूल विकत घेऊ नकोस. आधी रेंजवरचं वापर. तुझ्या पंजाला कोणती ग्रिप बसते ते कोचला बघू दे, मग वडिलांकडे पैसे माग. रविवारी सकाळी तयार राहा, पहिल्या दिवशी मी येते बरोबर.