वारुळावरची अळंबी

आषाढ लागतो. चार दिवस पाऊस पडतो, मग जरा उघडीप होते. अशा वेळी रानातल्या वारुळाजवळ पांढऱ्या छत्र्या वर येतात. हीच अळंबी. विदर्भात कोणी तिला सात्या म्हणतात, कोणी टेकोडे म्हणतात. गोव्यात अळमी म्हणतात. नावे निराळी, पण चव एकदा घेतली की माणूस विसरत नाही.

ही अळंबी उगवते कशी? तिला बी नाही, पान नाही, हिरवा रंग नाही. शिळ्या भाकरीवर बुरशी येते ना? अळंबी त्याच कुळातली. जमिनीखाली बुरशी असते आणि वर दिसते ते तिचे फळ.

ही बुरशी वाढवते कोण? वाळवी! वाळवी सुके गवत, लाकूड, पालापाचोळा खाते. त्याच्या लेंडीचे ती वारुळात पोळ्यासारखे घर बांधते. त्यावर बुरशी वाढते आणि वाळवी ती खाते. म्हणजे ही वाळवीची शेतीच झाली. माणूस शेती शिकला त्याला दहा-बारा हजार वर्षे झाली. वाळवीची शेती सुमारे तीन कोटी वर्षांची आहे! १९४२ साली रॉजे हाइम या फ्रेंच शास्त्रज्ञाने या अळंबीला टर्मिटोमायसिस हे नाव दिले. त्याचा अर्थ वाळवीची बुरशी.

धिंगरी अळंबी भाताच्या पेंढ्यावर घरात पिकवता येते. वारुळावरची अळंबी तशी पिकत नाही. तिला वाळवीच लागते. वारूळ मोडले की अळंबी गेली.

आता जिवाची गोष्ट सांगतो, ती नीट ऐका. रानात विषारी छत्र्याही उगवतात. काही तर अगदी खायच्या अळंबीसारख्या पांढऱ्याशुभ्र असतात. दर पावसाळ्यात कुठे ना कुठे अशी भाजी खाऊन माणसे दगावतात.

लोक म्हणतात, "किड्याने खाल्ली असेल तर ती चांगली." कोणी म्हणतात, "शिजताना चांदीचे नाणे टाका. काळे पडले तर विष." कोणी लसूण टाकून बघतात. या सगळ्या गोष्टी खोट्या आहेत. किड्याला न बाधणारे विष माणसाला बाधते. काही छत्र्यांचे विष कितीही शिजवले तरी जात नाही.

मग ओळखायचे कसे? वारुळावरच्या अळंबीचा देठ जमिनीत मुळासारखा खोल जातो. छत्रीच्या मध्यावर टोक असते, त्याने ती माती फोडते. छत्रीखालचे पडदे आधी पांढरे असतात, मग गुलाबी होतात. देठाच्या बुडाशी वाटीसारखी पिशवी दिसली तर हात लावू नका. पडदे हिरवट झाले असतील तरी नको. पण नुसत्या या खुणांवर विसंबू नका. गावातल्या जाणत्या माणसाला दाखवा. त्याला जरा शंका आली तरी टाकून द्या. एक वेळची भाजी गेली तर काय बिघडले?

विषारी छत्री पोटात गेली तर काय होते? कधी दोन-तीन तासांत उलट्या होतात. कधी सहा ते बारा तास, किंवा त्याहून जास्त वेळ, काहीच होत नाही. मग उलट्या-जुलाब लागतात. नंतर एखादा दिवस बरे वाटते. इथेच माणूस फसतो, कारण आतून यकृत नासत असते. म्हणून बरे वाटले तरी घरी थांबू नका. भगताकडे वेळ घालवू नका. १०८ क्रमांकाला फोन करा, मोठ्या दवाखान्यात जा. उरलेली छत्री बरोबर न्या. डॉक्टरला तिचा उपयोग होतो.

चांगली अळंबी मिळाली तर ती त्याच दिवशी करा, ती टिकत नाही. मातीचे टोक कापा. हलक्या हाताने धुवा आणि हाताने उभी फाडा. कांदा तेलात परता. हळद, तिखट, मीठ घाला. अळंबीला स्वतःचे पाणी सुटते, म्हणून वरून पाणी बेताने घाला. कोकणात ओल्या खोबऱ्याचे वाटण आणि आमसूल घालतात. कच्ची मात्र कधी खाऊ नका.

अळंबीत पाणी पुष्कळ, चरबी थोडी. अंग भरणारी प्रथिने तिच्यात असतात. अळंबीला ऊन दाखवले की तिच्यात ड जीवनसत्त्व तयार होते, ते हाडांना चांगले. अशक्त माणसाला तिचा रस्सा देण्याची चाल काही ठिकाणी आहे. द्यावा, पण ते अन्न म्हणून. अळंबीने रोग बरा होतो असे कोणी सांगितले तर गोळ्या बंद करू नका.

शेवटी तोडण्याची रीत सांगतो. वारूळ खणू नका. बिळात हात घालू नका, आत नाग असू शकतो. जिथे कीटकनाशक मारले असेल तिथली अळंबी घेऊ नका. मिटलेल्या कळ्या तोडू नका. एक तर कळी ओळखायला अवघड. विषारी छत्रीची कळीही तशीच दिसते. दुसरे असे की छत्री उघडल्यावरच तिच्यातून बारीक भुकटी उडते, तेच तिचे बियाणे. म्हणून उघडलेल्यांपैकीही काही तशाच राहू द्या. अभयारण्यातून परवान्याशिवाय काही काढायला १९७२ च्या कायद्याने मनाई आहे, हेही ध्यानात ठेवा.

नागपंचमीला आपण जमीन खणत नाही, वारूळ पुजतो. आम्ही म्हणतो, वारुळाला तो मान वर्षभर द्या. मग पुढच्या आषाढातही तुमच्या पोरांच्या ताटात अळंबी येईल.

सांगा पाहू :
१. वाळवी शेती कशी करते?
२. चांदीच्या नाण्याने विष ओळखता येते का?
३. अळंबी खाल्ल्यावर उलट्या झाल्या आणि मग बरे वाटले. आता काय कराल?
४. मिटलेल्या कळ्या का तोडू नयेत? दोन कारणे लिहा.