बाळू पालवणकर : एक आद्य धंदेवाईक खेळाडू

खेळावर पोट भरणे आज नवलाचे नाही. परंतु बाळू पालवणकर (जन्म १८७६) यांच्या काळी ती केवळ चाकरी होती. पुण्याच्या युरोपियन जिमखान्यावर त्यांस दरमहा ४ रुपये मिळत. तासन् तास त्यांनी डावखुरी फिरकी टाकावी. ग्रेग साहेबांस बाद केल्यास ८ आणे बक्षीस, असे सांगतात. बॅट मात्र हाती कोणी देत नसे!

पुढे पुण्याच्या हिंदू संघाने त्यांस घेतले; परंतु ते चर्मकार, म्हणून चहा पॅव्हेलियनबाहेर, मातीच्या भांड्यातून. हे लिहिताना आमची मान खाली जाते. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी ११४ गडी बाद केले. तरीही मुंबईच्या स्पर्धांत हिंदू संघाचे नायकपद त्यांस रीतसर कधीच लाभले नाही. ते १९२३ साली धाकटे बंधू विठ्ठल यांस मिळाले, आणि त्याच वर्षी चौरंगी सामने हिंदूंनी जिंकले.