अटक आणि नागरिकाचे स्वातंत्र्य

शासनसंस्थेच्या अधिकारांपैकी सामान्य नागरिकाच्या प्रत्यक्ष अनुभवास येणारा सर्वांत कठोर अधिकार म्हणजे अटकेचा होय. न्यायालयाने दोषी ठरविण्यापूर्वीच, केवळ संशयावरून, या अधिकारामुळे माणसाचे स्वातंत्र्य हिरावून घेतले जाते. गुन्ह्यांचा तपास व्हावयाचा तर पोलिसांना हा अधिकार असलाच पाहिजे, हे कोणीही नाकारणार नाही. परंतु कोठडीचे दार बंद झाल्यावर आत काय घडते ते बाहेरच्यांना दिसत नाही, आणि खरा धोका तेथेच असतो. म्हणूनच भारतीय संविधानाने घातलेल्या मर्यादांचा हेतू अटक अशक्य करण्याचा नसून ती गुप्त राहू न देण्याचा आहे.

कायद्याने ठरविलेल्या कार्यपद्धतीखेरीज कोणाचेही जीवित किंवा स्वातंत्र्य हिरावून घेता येणार नाही, असे अनुच्छेद २१ सांगतो. ही शब्दयोजना अपुरी आहे, विधिमंडळाने केलेला कोणताही कायदा तिला पुरेसा ठरेल, अशी टीका संविधान सभेत झाली होती. ही उणीव काही अंशी भरून काढण्यासाठी डॉ. आंबेडकरांनी सप्टेंबर १९४९ मध्ये एक नवे कलम मांडले. तेच आजच्या अनुच्छेद २२ चे मूळ होय. अटक झालेल्या व्यक्तीस अटकेची कारणे शक्य तितक्या लवकर सांगितली पाहिजेत. तिला आपल्या पसंतीच्या वकिलाचा सल्ला घेता आला पाहिजे. आणि प्रवासाचा आवश्यक वेळ वगळून २४ तासांच्या आत तिला दंडाधिकाऱ्यापुढे उभे केले पाहिजे. कोठडीबाहेरच्या माणसाची नजर आत पोहोचावी, हेच या तरतुदींचे सूत्र आहे. मात्र शत्रुदेशाचे नागरिक आणि प्रतिबंधक कायद्याखाली स्थानबद्ध केलेल्या व्यक्ती यांना हे संरक्षण लागू नाही, हेही लक्षात ठेवले पाहिजे.

पुढे १९७८ मध्ये मनेका गांधी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने अनुच्छेद २१ ला व्यापक अर्थ दिला. कार्यपद्धती नुसती कायद्यात लिहिलेली असून भागत नाही, ती न्याय्य व वाजवीही असली पाहिजे, असे न्यायालयाने ठरविले. १९९४ मधील जोगिंदर कुमार खटला गाझियाबाद येथील एका तरुण वकिलाचा होता. चौकशीसाठी बोलावून त्याला काही दिवस अडकवून ठेवण्यात आले होते. अटक करण्याचा अधिकार असणे वेगळे आणि तो वापरण्यास सबळ कारण असणे वेगळे, हा या निकालाचा गाभा होय.

बळाच्या वापरालाही मर्यादा आहे. अटकेस विरोध झाल्यास पोलीस आवश्यक तेवढे उपाय योजू शकतात. परंतु ज्या गुन्ह्यास मृत्युदंड किंवा आजन्म कारावासाची शिक्षा नाही, त्यातील आरोपीचा मृत्यू घडविण्याचा अधिकार अटकेची तरतूद त्यांना देत नाही. बेड्या घालणे हा नित्याचा प्रघात असू शकत नाही, असे न्यायालयाने १९८० मध्ये सांगितले. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने काही गंभीर गुन्ह्यांच्या बाबतीत बेड्यांना परवानगी दिली आहे.

या मर्यादा मोडल्या तर काय होते, हे ओडिशातील नीलाबती बेहेरा खटल्यावरून कळते. १ डिसेंबर १९८७ रोजी पोलिसांनी तिच्या २२ वर्षांच्या मुलाला चौकीत नेले. दुसऱ्या दिवशी त्याचे जखमांनी भरलेले प्रेत रेल्वेमार्गावर सापडले. तो पळून गेला आणि गाडीखाली सापडला, असे पोलिसांचे म्हणणे होते. आईने सर्वोच्च न्यायालयास पत्र लिहिले. न्यायालयाने त्या पत्रालाच याचिका मानले. १९९३ मध्ये पोलिसांचा बचाव फेटाळण्यात आला आणि राज्याने तिला दीड लाख रुपये भरपाई द्यावी असा आदेश झाला. मूलभूत हक्काच्या भंगाबद्दल राज्य स्वतः उत्तरदायी असते, हे तत्त्व त्यामुळे दृढ झाले.

डिसेंबर १९९६ मध्ये डी. के. बसू खटल्यात न्यायालयाने ११ निर्देश दिले. अटक करणाऱ्याच्या अंगावर नाव व हुद्दा स्पष्ट दिसावा, अटकेच्या वेळीच पंचनामा होऊन त्यावर साक्षीदाराची व अटक झालेल्याची सही असावी, आप्ताला कळवावे, कोठडीत दर ४८ तासांनी वैद्यकीय तपासणी व्हावी, हे त्यांपैकी प्रमुख होत. यांतील बऱ्याच गोष्टी नंतर कायद्यात समाविष्ट झाल्या.

तथापि हे सर्व कागद पोलीसच तयार करतात, हे विसरून चालणार नाही. त्यामुळे सारा भार अखेरीस दंडाधिकाऱ्यावर येतो. २०१४ मधील अर्नेश कुमार खटल्यात, अटक आवश्यक होती काय याची स्वतः खात्री करून घेतल्याशिवाय दंडाधिकाऱ्याने कोठडी वाढवून देऊ नये, असे बजावण्यात आले. समोर उभ्या असलेल्या माणसाकडे पाहून, तुला मारहाण झाली काय, अटक केव्हा झाली, घरी कळविले काय, एवढे तीन प्रश्न त्याने विचारले, तर संविधानाचे संरक्षण त्या माणसापर्यंत पोहोचते. ते न विचारता कागदावर सही झाली, तर तो २४ तासांच्या मुदतीत न्यायालयात येऊनही कोठडीइतकाच एकटा राहतो.