बालकांच्या डोक्यातील गजकर्ण : एक दुर्लक्षित संसर्ग

शाळकरी मुलाच्या डोक्यावर रुपयाएवढा चट्टा उमटतो, तेथील केस मुळाशी तुटतात आणि त्वचेवर कोंड्यासारखे पापुद्रे धरतात. घरात यास ‘चाई’ समजून तेल चोळले जाते किंवा औषधाच्या दुकानातून एखादे मलम आणले जाते. वस्तुतः अशा अनेक मुलांना ‘टिनिया कॅपिटिस’, म्हणजेच डोक्यातील गजकर्ण झालेले असते. लॅटिन भाषेत ‘टिनिया’चा अर्थ किडा असा होतो, रोगाचा मात्र किड्याशी काहीही संबंध नाही. तो बुरशीमुळे होतो.

केस, नखे व त्वचेचा वरचा थर यांतील केराटिन या प्रथिनावर जगणाऱ्या बुरशींना डर्मॅटोफाइट म्हणतात. त्यांच्या ट्रायकोफायटॉन, मायक्रोस्पोरम व एपिडर्मोफायटॉन या तीन प्रमुख प्रजातींपैकी पहिल्या दोनच केसांना ग्रासतात. भारतात ट्रायकोफायटॉन व्हायोलेसियम प्रामुख्याने आढळते. ही बुरशी केसाच्या आत वाढते. त्यामुळे केस त्वचेलगत तुटून काळे ठिपके दिसतात. मायक्रोस्पोरम कॅनिस मांजर व कुत्र्याच्या पिलांकडून येते. वूड दिव्याखाली मायक्रोस्पोरमबाधित केस हिरवट चमकतात, व्हायोलेसियमबाधित केस चमकत नाहीत. म्हणूनच आपल्याकडे दिव्याखाली चमक दिसली नाही, एवढ्यावरून संसर्ग नाही असे म्हणता येत नाही. तुटलेले केस पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये ठेवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहणे व बुरशीचे संवर्धन करणे, हेच निदानाचे खात्रीचे मार्ग होत.

हा रोग मुख्यत्वे पौगंडावस्थेपूर्वीचा आहे. त्यानंतर त्वचेतील तैलग्रंथींच्या स्रावात वाढणारी मेदाम्ले बुरशीस रोखतात, असे मानले जाते. परंतु वय हा एक घटक झाला. एका खोलीत राहणारे मोठे कुटुंब, वसतिगृहातील दाटीने मांडलेली अंथरुणे, सामाईक कंगवा, टोपी व उशीचा अभ्रा, निर्जंतुक न केलेले केस कापण्याचे यंत्र, या सर्वांतून बीजाणू एका डोक्यावरून दुसऱ्यावर जातात. घरातील एखाद्यास लक्षणे नसतानाही तो वाहक असू शकतो. त्यामुळे एकाच मुलावर उपचार करून भागत नाही. भावंडांचीही तपासणी आवश्यक ठरते. अशा कुटुंबात आईच्या निष्काळजीपणास दोष देणे सोपे असले, तरी अन्यायाचे आहे. दाटीवाटीची घरे व अपुरे पाणी हे प्रश्न तिच्या हातातील नाहीत.

उपचारांचा इतिहास बोधप्रद आहे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात क्ष-किरणांनी केस काढून टाकण्याची पद्धत रूढ होती. इस्रायलमध्ये १९४८ नंतर आलेल्या हजारो स्थलांतरित मुलांवर ती वापरली गेली. पुढे त्यांच्यात मेंदू व थायरॉइडच्या गाठींचे प्रमाण वाढलेले आढळले आणि १९९४ मध्ये तेथे भरपाईचा कायदा करावा लागला. १९५८ मध्ये ग्रिसिओफल्विन हे पोटात घेण्याचे औषध उपयुक्त ठरले व क्ष-किरणांची गरज संपली. मलम केसाच्या मुळापर्यंत पोहोचत नसल्याने आजही तोंडावाटे औषध अनिवार्य आहे. ग्रिसिओफल्विन साधारणतः सहा ते आठ आठवडे द्यावे लागते. ट्रायकोफायटॉनवर टर्बिनाफिन तुलनेने कमी काळात गुण देते. खरी अडचण येथेच येते. खपल्या कमी होताच मजुरी बुडवून पुन्हा दवाखान्यात जाणे पालकांना परवडत नाही आणि औषध अर्धवट सुटते. स्टेरॉइडमिश्रित मलमांनी तर खाज थांबते, पण बुरशी पसरत राहते. २०१८ मध्ये केंद्र शासनाने अशा मलमांतील अनेक स्टेरॉइड ‘अनुसूची एच’मध्ये घातले, चिठ्ठीविना विक्री मात्र पूर्णतः थांबलेली नाही.

काही मुलांत ‘केरिऑन’ नावाची पू भरलेली, दुखरी सूज येते. ती साधे गळू समजून चिरली जाते. योग्य उपचार लांबल्यास तेथे व्रण राहून कायमचे टक्कल पडू शकते.

फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघर येथून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी होते. त्यातील आरोग्यस्थितींत खरूज व इसब यांच्यासह बुरशीसंसर्गाचाही समावेश आहे. फिरती पथके अंगणवाडीत वर्षातून किमान दोनदा, तर शाळेत एकदा जाणे अपेक्षित असते. दोन भेटींमधील काळात चट्टा प्रथम शिक्षकाच्याच दृष्टीस पडतो. उपचार सुरू झाल्यावर मुलास शाळेबाहेर ठेवण्याचे कारण उरत नाही. टोपी व कंगवा वेगळा ठेवणे पुरेसे असते.