लॅपटॉपची ‘रिकव्हरी’ तबकडी : तिच्यात काय असते व ते कसे काढावे

आपणांपैकी पुष्कळांच्या घरी दहा-पंधरा वर्षांपूर्वीचा एखादा लॅपटॉप असेल, आणि कपाटात कोठेतरी त्याच्या सीडी अथवा डीव्हीडी तबकड्यांचे पाकीटही असेल. त्यावर बहुधा ‘सिस्टिम रिकव्हरी’ असे लिहिलेले असते. रिकव्हरी म्हणजे गेलेले परत मिळणे, असा अर्थ शब्दावरून निघतो आणि येथेच घात होतो. ही तबकडी आपले काहीही परत देत नाही. यंत्र कारखान्यातून निघाले त्या दिवशी त्यात जे होते तेवढेच ती पुन्हा मांडते, आणि ते मांडण्यापूर्वी सामान्यतः सगळी हार्ड डिस्क पुसून घेते. मुलीच्या लग्नाची छायाचित्रे, शेताच्या पहाणीच्या प्रती, वनहक्काच्या अर्जाला जोडलेले कागद, संस्थेचा जमाखर्च, सारे त्यात जाते.

म्हणून यंत्र बिघडले की पहिले काम तबकडी घालण्याचे नव्हे, आपले सामान बाहेर काढण्याचे. यंत्र सुरूच होत नसेल तर त्याची हार्ड डिस्क काढून यूएसबीच्या डबीत बसवावी व दुसऱ्या संगणकाला जोडावी. फाइली तशाच दिसतात. सुप्याहून रामनगरला आलेल्या वडीलधाऱ्यांना हे सांगायला नको. पाणी चढल्यावर सामान काढता येत नाही.

मराठी माणसाने या वेळी आणखी एक गोष्ट उचलावी, ती म्हणजे फॉन्ट. युनिकोडचा प्रसार होण्यापूर्वी आपल्याकडे श्रीलिपी, आकृती यांसारख्या संचांतून मराठी टंकलेखन होत असे. त्या जुन्या फॉन्टांत देवनागरीचे आकार रोमन अक्षरांच्या जागी बसवलेले असत. फॉन्ट गेला की फाइल शाबूत असूनही पडद्यावर रोमन अक्षरांचा नुसता कचरा दिसतो. संस्थेचे जुने इतिवृत्त अशा फॉन्टात असेल तर रिकव्हरी तबकडीत तो सापडणार नाही, कारण तो कारखान्याने घातलेलाच नव्हता. ‘विंडोज’ फोल्डरातील ‘फॉन्ट्स’ हा भाग अवश्य उतरवून घ्यावा.

मग त्या तबकडीचा उपयोग काय? उपयोग मोठा आहे. कणगीतून पायलीभर भात हवे असेल तर कोणी सगळी कणगी घरभर उपडी करीत नाही. तद्वत ही तबकडी न चालवता, नुसती उघडून, हवी तेवढी वस्तू तिच्यातून काढता येते. ही वस्तू म्हणजे बहुतेक वेळा ‘ड्रायव्हर’, अर्थात पडदा, ध्वनी, वाय-फाय इत्यादी भाग विंडोजला ओळखून देणारी लहान प्रणाली. शहरात म्हणतील, निर्मात्याच्या संकेतस्थळावरून उतरवून घ्या. पण जोयडा तालुक्यात अजून कितीतरी वाड्यांत मोबाइलला धड रेघ येत नाही. शिवाय नव्याने विंडोज घातल्यावर वाय-फायचाच ड्रायव्हर नसेल तर इंटरनेट नाही, आणि इंटरनेटवाचून ड्रायव्हर नाही. बादली काठावर आणि दोर विहिरीत! अशा वेळी दांडेली किंवा बेळगावची खेप वाचवणारी वस्तू कपाटातच असते.

तबकडीची आतली रचना काळाप्रमाणे बदलत गेली. विंडोज एक्सपीच्या, म्हणजे २००१ नंतरच्या काळात कित्येक निर्माते ‘घोस्ट’ नावाच्या प्रणालीने सगळ्या हार्ड डिस्कचा ठसा घेऊन ठेवीत. ही प्रणाली न्यूझीलंडमध्ये तयार झाली व १९९८ साली सिमँटेक कंपनीने ती विकत घेतली. तिच्या फाइलीच्या शेवटी जी-एच-ओ ही अक्षरे असतात, आणि ‘घोस्ट एक्सप्लोरर’ या तिच्याच जोडप्रणालीने आतील एकेक फाइल निवडून काढता येते. २००७ साली व्हिस्टा आले तेव्हा मायक्रोसॉफ्टने स्वतःचा नवा साचा दिला. त्याच्या फाइलीची अखेर डब्ल्यू-आय-एम, उच्चारी ‘विम’. यात डिस्कचा ठसा नसून फाइलींची गाठोडी असतात, आणि एकच फाइल दहा ठिकाणी असली तरी साठवण एकदाच होते. त्यानंतरच्या पुष्कळ लॅपटॉपांच्या तबकड्या याच जातीच्या आहेत. एका डीव्हीडीत ४.७ जीबीच मावत असल्याने मोठी फाइल तोडावी लागते; अशा तुकड्यांच्या अखेरीस एस-डब्ल्यू-एम असते.

आता कृती. चालू स्थितीतील दुसऱ्या संगणकात एक रिकामे फोल्डर करावे आणि सर्व तबकड्यांतील मजकूर त्या एकाच फोल्डरात उतरवावा. तुकडे वेगवेगळ्या जागी राहिले तर पुढे गाडी अडते. तबकडीवर ओरखडे असल्यास लिनक्समधील ‘डीडीरेस्क्यू’ ही फुकट प्रणाली वापरावी. ती वाचता येणारा भाग आधी घेते आणि अडलेल्या जागी पुनःपुन्हा प्रयत्न करते. नंतर ‘सेव्हन-झिप’ घ्यावी. रशियन प्रणालीकार इगोर पावलोव यांनी १९९९ साली ती आणली व आजही ती विनामूल्य आहे. फोल्डरातील सर्वांत मोठ्या फाइलीवर उजवी कळ दाबून ‘ओपन आर्काइव्ह’ म्हणावे. तुकडे असल्यास पहिला उघडावा. निर्मात्याने शेपटीची अक्षरे बदलली असली तरी बिचकू नये. फाइलीची जात तिच्या पहिल्या काही अक्षरांत लिहिलेली असते आणि सेव्हन-झिप ती पाहते. झिप फाइलीच्या आरंभी ‘पी-के’ असते. झिपचा जनक फिल कॅट्झ याची ती आद्याक्षरे आहेत.

आत गेल्यावर एचपीच्या यंत्रांत ‘एसडब्ल्यूसेटअप’, थिंकपॅडमध्ये ‘एसडब्ल्यूटूल्स’, अन्यत्र नुसते ‘ड्रायव्हर्स’ या नावाचे फोल्डर शोधावे. तेही नसेल तर व्हिस्टापासून पुढे एक हमखास जागा आहे : ‘विंडोज’, त्यात ‘सिस्टिम३२’, त्यात ‘ड्रायव्हरस्टोअर’, त्यात ‘फाइलरिपॉझिटरी’. बसवलेल्या ड्रायव्हरचे संपूर्ण फोल्डर येथे असते. आय-एन-एफ अखेरीची फाइल हे त्याचे ओळखपत्र होय. पण ती एकटी न उचलता सबंध फोल्डर उचलावे. मग आपल्या लॅपटॉपच्या ‘डिव्हाइस मॅनेजर’मध्ये पिवळी खूण असलेल्या ओळीवर जाऊन ड्रायव्हर अद्ययावत करण्याची आज्ञा द्यावी व हे फोल्डर दाखवावे. ३२ बिटांचा ड्रायव्हर ६४ बिटांच्या विंडोजला चालत नाही. विंडोज ७ चा ड्रायव्हर विंडोज १० वर पुष्कळदा चालतो, नेहमी मात्र नाही. आधी वाय-फायचा किंवा लॅनचा बसवावा. बाकीचे मग त्या वाटेने आणता येतात.

एक्सपीच्या जुन्या यंत्रात मराठी सुरू करण्यासाठीही हीच विद्या कामी येत असे. भाषांच्या पानावर गुंतागुंतीच्या लिपींची खूण केली की ते यंत्र विंडोजची सीडी मागे, आणि लॅपटॉपबरोबर तर ती सीडी मिळालेली नसे. हव्या असलेल्या फाइली ‘आय३८६’ नावाच्या फोल्डरात असत. तेथे कित्येक नावांचे शेवटचे अक्षर जाऊन अधोरेषा आलेली दिसते, म्हणजे फाइल दाबून बसवलेली आहे. सेव्हन-झिप तीही उघडते.

काही निर्मात्यांनी मात्र गाठोड्याला स्वतःचेच कुलूप घातले आहे. ते फोडण्याच्या नादी लागू नये, कारण सरळ वाट आहे. लॅपटॉपची मूळ हार्ड डिस्क काढून बाजूला ठेवावी, तेवढीच किंवा मोठी रिकामी डिस्क बसवावी आणि निर्मात्याची तबकडी खुशाल चालू द्यावी. ती पुसेल ती रिकामी डिस्क. काम आटोपल्यावर त्या डिस्कवरून हवे ते फोल्डर उतरवून घ्यावे. तबकडी आपलेच मॉडेल आहे ना हे बहुधा तपासते, तेव्हा हा प्रयोग त्याच यंत्रात करावा. वेळ खातो, पण आमच्या मते नवशिक्याला हाच मार्ग सर्वांत बिनधोक.

कायद्याचे भय बाळगण्याचे कारण नाही. १९५७ च्या भारतीय कॉपीराइट कायद्याच्या ५२ व्या कलमात, कायदेशीररीत्या जवळ असलेल्या संगणक प्रणालीची नाश वा बिघाडापासून रक्षणासाठी प्रत करण्यास मुभा आहे. मात्र तिचा उपयोग मूळ प्रयोजनापुरताच. शेजाऱ्याच्या यंत्रात आपले विंडोज घालणे त्यात बसत नाही.

घरी लिहिलेल्या डीव्हीडीतील रंगद्रव्य कालांतराने विटते, आणि आपल्याकडील पावसाळी दमट हवा तर कपड्यांनाही बुरशी आणते. उतरवलेल्या सर्व फाइली यासाठी एका पेनड्राइव्हवर व आणखी एका ठिकाणी ठेवाव्यात. त्यावर चिठ्ठी डकवून लॅपटॉपच्या पाठीवरील मॉडेलचा पूर्ण क्रमांक, विंडोजची आवृत्ती आणि ३२ की ६४ बिट हे लिहावे. नुसते ‘दादाचा लॅपटॉप’ असे लिहिल्याने दादाखेरीज कोणाला उलगडा होत नाही.